धूमकेतूच्या फोटोखालचं नाव

दुकानातून, शुक्रवार दुपार, गिऱ्हाईक नसताना

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. गेले दोन आठवडे कंबर वाकत नाही, आणि वाकली तर सरळ होत नाही. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? मी पाठवलेला चष्मा ते डोळ्यांवर लावतात की अजून कपाळावर ठेवून घरभर शोधत फिरतात? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे. मी ठीक नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

मी मोबाइलवर पाठवलेल्या धूमकेतूच्या फोटोवर तुझं कार्ड पोचलं. अख्ख्या कार्डावर तू एक ओळ लिहिलीस, 'हा फोटो तूच काढलास का?', आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'उत्तर पत्राने दे, फोनवर तू बिनदिक्कत खोटं बोलतोस, कागदावर अडखळतोस.' बाकी कार्ड कोरं. ताई, चौतीस वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून तू पोरांना 'हा निबंध तूच लिहिलास का' विचारत आलीस, ते मी समजू शकतो. पण तुझा धाकटा भाऊ एकोणसाठाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा असं काही करतो की ज्याच्याखाली त्याचं नाव छापून, तीन फुटी चौकटीत घालून, वाचनालयाच्या सभागृहात लावलं जाणार आहे, तर सख्ख्या बहिणीने आधी अभिनंदन करावं आणि मग उलटतपासणी घ्यावी, एवढीही रीत राहिली नाही का? आमच्या खगोल मंडळाने बावन्न फोटोंतून माझा निवडला. बावन्न जणांना शंका आली नाही. (एकावन्न म्हणू. मी धरून बावन्न.) ती आली तुला. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितो, म्हणजे त्या फोटोमागे किती रक्त आटलंय ते तुला कळेल आणि असला प्रश्न पुन्हा विचारायची तुला लाज वाटेल.

धूमकेतू येणार हे मला चार महिने आधीपासून ठाऊक होतं. बारा दिवस दिसणार, तेही सूर्य मावळल्यावर पाऊण तास, पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम चार बोटं वर. त्यानंतर तो जो जाणार तो सात हजार वर्षांनी येणार. (आमचे सचिव म्हणतात आठ हजार. मी वाद घातला नाही, कारण दोन्ही वेळेला मी दुकानात नसेन.) तेव्हा मी ठरवलं की या बारा दिवसांत मला एक फोटो पाहिजे. एकच, पण असा की ज्याला कोणी 'हे काय आहे?' विचारणार नाही. तीस वर्षं मी आकाशाचे फोटो काढतोय आणि तीस वर्षं घरी येणारा प्रत्येक पाहुणा भिंतीकडे बघून हेच विचारतो. मागे तुझ्या दाजींनी माझ्या तेजोमेघाला भिंतीची ओल समजून बोटाने खरवडलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

तयारी मी डोळ्यात तेल घालून केली. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी शिडीच्या पायथ्याशी, अगदी मोक्याची जागा हेरली. होकायंत्र ठेवून अंश मोजले, कठड्यावर खडूने बाण काढला, तिवईच्या तीन पायांखाली तीन गोल रंगवले. (इमारतीच्या चेअरमनने ते गोल कोणी काढले म्हणून फलक लावला. मी तो फलक शांतपणे वाचला.) रोज साडेपाचला दुकान बंद करायला लागलो. तिसऱ्या दिवशी घाईघाईत एका शिंप्याला दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा दिला, आणि त्याने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची एक बाही दुसरीपेक्षा दीड इंच लांब शिवली. ते गिऱ्हाईक शिंप्यावर ओरडलं, शिंपी माझ्यावर ओरडला, आणि मी दिवसभर दुनियेला 'आता स्वच्छ दिसतंय का' विचारणारा माणूस, मी कोणावर ओरडू? नोंदवही तर मी मिनिटामिनिटाची ठेवली. आमच्या मंडळात माझी नोंदवही आदर्श म्हणून सगळ्यांकडे फिरवतात. (एकदाच फिरवली. परत यायला सहा महिने लागले.)

आता तुझी भावजय. ती रोज माझ्याबरोबर वर यायची, हे मी नाकारत नाही. एवढं सामान वर न्यायला दुसरा हात लागतो आणि अंधार पडल्यावर विजेरी धरायला कोणीतरी लागतं. पण तिला आकाशातलं ओ की ठो कळत नाही. इस्पितळात सत्तावीस वर्षं एक्स-रे काढते, दिवसाला चाळीस-चाळीस माणसांना 'श्वास धरा, हलू नका' म्हणते, त्यामुळे तिचा समज असा की फोटो म्हणजे आपल्या घरचंच काम. पहिल्याच दिवशी म्हणाली, अहो, कॅमेरा थोडा डावीकडे घ्यायला पाहिजे का? मी तिला समजावून सांगितलं की हाड जागच्या जागी असतं, धूमकेतू नसतो, आणि ज्याने होकायंत्र लावलंय त्याने डावं-उजवं ठरवायचं असतं. तिने पुन्हा विचारलं नाही. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हेही मी तेव्हाच सांगून ठेवलं. तीन वेळा सांगितलं. साक्षीला नोंदवही आहे.

पहिले दोन दिवस ढग. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाहीवाल्या दिवशी, आकाश अर्धं उघडलं आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, माझ्या खडूच्या बाणाच्या टोकावर, सोनेरी शेपूट दिसलं. ताई, चौसष्ट फोटो काढले. घरी जाऊन ते एकावर एक बसवले, कचरा पुसला, रंग नीट केले, आणि सगळ्यात चांगला सचिवांना पाठवला. दुसऱ्या मिनिटाला त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'विमान'. विमान गेल्यावर मागे धुराची रेघ राहते आणि तिच्यावर मावळतं ऊन पडलं की ती चमकते, हे मला काय माहीत नाही? मीच दोन वर्षांपूर्वी मंडळात त्यावर व्याख्यान दिलं होतं. पण निदान 'विमान असावं' म्हणायची माणुसकी दाखवायची. त्या माणसाने स्वतः एकदा पतंगाला शुक्र म्हणून नोंदवलंय, तो मला शिकवतो. मी त्याला उत्तर दिलं नाही आणि तो उत्तराची वाट बघत असेल असंही मला वाटत नाही.

पुढे ढग, धुकं, पुन्हा ढग. रोज तिवईखाली दीड तास उकिडवं बसायचं. (कंबर.) आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे समोरच्या इमारतीचे हॅलोजनवाले गृहस्थ. हे निवृत्त आहेत, कशातून ते कळलं नाही, आणि संध्याकाळी आपल्या गच्चीवर शंभर फेऱ्या मारतात. चालताना अडखळू नये म्हणून त्यांनी हॅलोजन बसवलाय. तो पेटला की आमची टाकी, शिडी, खडूचे गोल, मी आणि पश्चिम दिशा सगळं लखलखतं. आठ दिवस मी सोसलं. नवव्या दिवशी ढग जरा विरळ दिसले, सहा पन्नासला नेमका तो दिवा पेटला, आणि माझं डोकं फिरलं. तुझ्या भावजयीला म्हटलं, तू इथे कॅमेऱ्यापाशी उभी राहा, कशालाही हात लावू नकोस, मी आलो. चार मजले उतरलो, रस्ता ओलांडला, पाच मजले चढलो. (त्यांची लिफ्ट बंद. हेही त्यांच्याकडून अपेक्षितच.)

वर गेलो तर गृहस्थ फेऱ्या मारतायत. मी म्हटलं, अहो, जरा दिवा. त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, एक मिनिट थांबा म्हणतायत. तसं नव्हतं, ती फेरी क्रमांक एकतीस होती. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो, कारण उभं राहून बोललं तर ते पाठमोरेच असायचे. चालता चालता त्यांना धूमकेतू समजावला, सात हजार वर्षं समजावली, प्रकाशाचं प्रदूषण समजावलं. ते अदबीने मान हलवत होते. मी तोंड मिटल्यावर त्यांनी सांगितलं, की माझ्या बोलण्यात आकडा चुकला, आता पुन्हा एकपासून. आणि केलं त्यांनी एकपासून. माझ्या संतापाचा विचार कर. ओरडावं तर पुन्हा आकडा चुकणार, न ओरडावं तर दिवा चालू. तेव्हा मी अठरा मिनिटं त्यांच्या शेजारून दात-ओठ खात मुकाट्याने चाललो, वळणावर वळलो, आणि ताई, शेवटी शेवटी तर त्यांच्यासाठी आकडाही मीच धरला. शंभर झाल्यावर त्यांनी दिवा बंद केला, तो माझ्या सांगण्यावरून नव्हे, फेऱ्या संपल्या म्हणून. जाताना म्हणाले, उद्याही या, सोबत बरी असते.

परत आलो तेव्हा सात एकतीस झाले होते आणि पश्चिमेला काळंभोर. तुझी भावजय काहीतरी सांगायला लागली, तर मी तिला हातानेच थांबवलं, कारण मला आधी नोंदी पुऱ्या करायच्या होत्या आणि मग मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. तरी हिंमत सोडली नाही. आठ वाजेपर्यंत त्याच दिशेला आणखी साठ फोटो काढले. त्यानंतरचे तीनही दिवस पूर्ण ढगात गेले, आणि धूमकेतू निघून गेला.

आता ऐक. शनिवारी सकाळी मी सगळे दोनशे बारा फोटो तपासायला बसलो, पुसून टाकावेत या विचाराने. दोनशे अकरांत करडा रंग, नाहीतर ते विमान. आणि एकात तो. मधोमध. डोकं हिऱ्यासारखं, शेपूट वर पसरलेलं, खाली इमारतींची काळी रेघ, एक ठिपकाही हललेला नाही. मी खुर्चीतून उठलो आणि (कंबरेमुळे) लगेच बसलो. मला तो क्षण आठवलाही. बटण दाबताना मनात काहीतरी चमकलं होतं असं मला स्पष्ट आठवलं. फोटो सचिवांना पाठवला. या खेपेला त्या माणसाला एक शब्द सुचायलाही दोन तास लागले. मग रविवारी त्यांचा दुकानात फोन, की प्रदर्शनात मुख्य भिंतीवर हाच, खाली माझं नाव, आणि येत्या नव्हे त्याच्या पुढच्या रविवारी उद्घाटनाला मी पंधरा मिनिटं बोलायचं, 'हा फोटो मी कसा काढला'. चौकटीखालच्या माहितीच्या पट्टीसाठी, किती सेकंद, किती वाजता वगैरे, मंगळवारी घरी फोन करतो म्हणाले. आज शुक्रवार. अजून फोन नाही. एवढ्या मोठ्या फोटोची ही किंमत.

तर असा बारा दिवसांचा वनवास भोगून, पाठ मोडून, शिंप्याच्या शिव्या खाऊन, परक्या माणसाच्या शंभर फेऱ्या मोजून मिळवलेल्या फोटोबद्दल तू मला विचारतेस, तूच काढलास का. याचं उत्तर वरच्या मजकुरात पुरेसं स्पष्ट आहे असं मला वाटतं. दाजींना नमस्कार. उद्घाटनाला दोघंही या, पहिल्या रांगेत जागा ठेवतो.

तुझा (दुखावलेला)
धाकटा भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी, तुझ्यासारख्या संशयी माणसाला पुरावा असावा म्हणून, फोटो किती वाजता निघाला ते नोंदवहीशी ताडून बघितलं. फोटोची वेळ आहे सात चौदा. नोंदवहीत सहा बावन्न ते सात एकतीस, 'गैरहजर (हॅलोजन)' अशी नोंद माझ्याच अक्षरात आहे. म्हणजे सात चौदाला मी समोरच्या गच्चीवर साधारण विसाव्या फेरीत होतो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल म्हणून ते तपासलं. ते एका सेकंदानेही चुकलेलं नाही. हे मी तुला नुसतं माहितीसाठी कळवतोय.

दुसरा ता. क. (शनिवार सकाळ). काल रात्री जेवताना तुझ्या भावजयीला सहज विचारलं, की त्या दिवशी मी नसताना कॅमेऱ्याला कोणी हात लावला होता का. म्हणाली, 'हो, मी. ढग सरले म्हणून एक काढला.' मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, 'सांगत होते, तुम्ही हात केलात.' आणि वाटी पुढे केली. ताई, ओला टॉवेल पलंगावर टाकला तर ती मला तीन दिवस ऐकवते. या फोटोवर माझं नाव लागणार हे तिला रविवारपासून माहीत आहे, मीच तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, आणि ती एक शब्द बोललेली नाही. मला लाज वाटली. खरंच वाटली, रात्रभर झोप नाही. पण लाज वाटून झाल्यावर पहिला विचार भाषणाचा आला, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

तिसरा ता. क. तर एक काम कर. तू तिला फोन कर, तुझं ती ऐकते. बोलता बोलता सहज विचार, की किती सेकंदांचा काढला, कॅमेरा कुठे वळवला, आणि समोर हॅलोजन ढणढणत असताना त्याचा डाग फोटोवर कसा पडला नाही, कारण हे शेवटचं मला रात्रभर डोकं खाजवूनही कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, 'तुम्हाला कळेलच की.' नावाचा विषय काढू नकोस. नावाचं मी बघतो. भाषणात तिचे आभार मानायचं मी ठरवलंय, आणि ते नुसतं 'घरच्यांचे' असं मोघम नाही, स्वतंत्र वाक्यात. उत्तर बुधवारपर्यंत मिळालं तर पाठ करायला वेळ मिळेल.

वन्सं,

नमस्कार. पाकीट पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं आणि चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. तुम्हाला फोन करून मला विचारायला लागू नये यासाठी इथेच लिहिते. तीन सेकंदांचा काढला. कॅमेरा चांगला वीतभर डावीकडे वळवावा लागला, कारण होकायंत्र लोखंडी शिडीला टेकवून ठेवलेलं होतं आणि बारा दिवस यांचा कॅमेरा भलतीकडेच बघत होता. हॅलोजनच्या बाजूने छत्री उघडून आड लावली. एक्स-रेला आम्ही बटण दाबताना यंत्रापाशी उभं राहत नाही, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावून टाकीमागे गेले. परत येऊन कॅमेरा होता तसा यांच्या बाणावर लावून ठेवला, नाहीतर ओरडले असते. फार सुंदर दिसत होता हो. मी एकटीनेच बघितला याचं मात्र वाईट वाटलं, खाली रस्त्यावर कोणी वर बघत नव्हतं आणि हे समोर गोल गोल फिरताना दिसत होते. दोनदा हाक मारली.

सचिवांचा फोन मंगळवारी आला होता. हे दुकानात होते. पट्टीची माहिती त्यांनी मला विचारली, ती मी सांगितली. सगळी सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, की वहिनी, हे तुम्हाला कसं माहीत? मी खोटं कशाला बोलू? पट्टीवरचं नाव त्यांनी त्याच दिवशी बदलून छापायला दिलं. यांना सांगायची त्यांची छाती होत नव्हती, म्हणून मी म्हटलं, मी सांगते. अजून सांगितलेलं नाही. हे स्वतःहून येऊन म्हणतात का ते बघत होते. 'नावाचं मी बघतो' इथवर आलेत. अजून आठवडा हातात आहे, तोवर तुम्ही काही बोलू नका.

पंधरा मिनिटं मीच बोलणार आहे. इस्पितळातून सुट्टी मागितली आहे आणि चार कागद लिहून झालेत. यांची खुर्ची तुमच्या आणि दाजींच्या मध्ये ठेवायला सांगितली आहे. यांचं भाषण पाठ झालंय, अंघोळीला म्हणतात ते बाहेर ऐकू येतं, आणि माझे आभार त्यात शेवटून दुसऱ्या वाक्यात आहेत. मी यांचे कुठे मानू, तेवढं मात्र बुधवारपर्यंत कळवा.